मैत्रेयीसाठी निवडलेली पुस्तके

रविवार, ९ जुलै २०१७. आषाढ पौर्णिमा

आजपासून विहारात वर्षावास सुरू झाला. तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. वाचणारा मी. हे सलग अकरावे वर्ष. अध्यक्ष मारोतराव माईकवर म्हणाले, "पुंडलिकभाऊ वाचून राह्यले का वाटते पुस्तकच बोलून राह्यलं." मी मान खाली घातली, पण गोष्ट खरी आहे. मी अक्षर गाळत नाही आणि पदरचे घालत नाही. शुद्ध बोलतो म्हणून पोट्टे मागून हसतात. हसोत. पुस्तकात आहे असे मी म्हटले की गावात दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

वाचनानंतर माझ्या मैत्रेयीचा सत्कार झाला. मेडिकलला लागणार हे निश्चित आहे. कोणत्या फेरीत आणि कोणत्या शहरात, एवढेच कळायचे आहे. गावातली पहिली डॉक्टर. माझ्या बायकोचा, विमलचा, धाकटा भाऊ उकंडा मध्येच उभा राहिला. "आता घरचीच डॉक्टरीण. सुई फुकट, गोळी फुकट. दुखणं तेवढं आपापलं आणा रे बाप्पा!" सगळे हसले. मैत्रेयीसुद्धा.

मी एक ठरवले आहे. शरीराची पुस्तके तिला कॉलेजात मिळतीलच. त्याआधी तिने वैद्यकीय कायदा आणि आचार वाचला पाहिजे. मारेगावच्या तहसीलसमोर निंबाखाली टेबल टाकून मी अर्ज लिहितो, त्यात आयुष्य गेले. डॉक्टरने दाखल्यात एक शब्द वाकडा लिहिला आणि घर उघडे पडले, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझी मुलगी तो शब्द वाकडा लिहिणार नाही.

शुक्रवार, १४ जुलै

लोखंडी पेटी उघडली. वणीचे बापूजी वकील वारले तेव्हा त्यांच्या मुलांनी पुस्तके रद्दीत काढली होती. मी हातगाडी गावाबाहेर जायच्या आत गाठली. त्या वेळी इंग्रजी येत नव्हते. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ लावली. पहिले पान संपायला आठवडा गेला. वकील होता आले नाही. पण वकिलांना न येणारी कलमे मला येतात, हे तहसीलच्या आवारात कोणीही सांगेल.

निवड केली ती अशी. वैद्यकीय न्यायशास्त्राचा मोठा ग्रंथ, १९७८ ची आवृत्ती, तांबडी कापडी बांधणी, एकही पान सुटलेले नाही. पुराव्याचा कायदा, बापूजींच्या पेन्सिलीच्या खुणांसह. दंडसंहिता. आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेची झेरॉक्स, जी मी स्वतः शिवली आहे. तांबड्या ग्रंथाला नवे कव्हर घातले आणि वर मैत्रेयीचे नाव लिहिले. अक्षर चांगले आले.

विमल म्हणाली, "पोरगी दवाखान्यात जाऊन राह्यली का कोर्टात?"

तिला सांगितले, दोन्ही एकच आहे. उदाहरण गावाजवळच आहे. फाट्यावर त्या तरुण डॉ. अतुलने दवाखाना टाकला, पण भिंतीवर नोंदणी क्रमांक लावलेला नाही. आचारसंहितेप्रमाणे तो दिसेल असा पाहिजे. गेल्या महिन्यात मी पान दाखवले तर म्हणतो, "काका, भिंतीले रंग देऊन राह्यलो. वाळला का लावतो." याला बेफिकिरी म्हणतात.

गुरुवार, २० जुलै

मैत्रेयीला घेऊन यवतमाळला गेलो. दाखल्यांची कामे आटोपून पुस्तकाच्या दुकानात शिरलो, कारण तिला वैद्यकीय कायद्याचे नवे पुस्तक बघायचे होते. मी म्हटले, घरी आहे. ती म्हणाली, "ते माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधीचं आहे, बाबा."

दुकानदाराने ऐकले. म्हणाला, "काका, दूध आणि कायद्याचं पुस्तक, दोन्हीवर तारीख पाहून घ्यावं."

मी म्हटले, "दूध नासते. कलम नासत नाही."

तो हसला. मैत्रेयी हसली नाही. शाळेने दिलेल्या बक्षिसातून तिने स्वतः ते पुस्तक घेतले. कागद पातळ, बांधणी गोंदाची, वर स्टेथोस्कोपचे चित्र. बसमध्ये चाळले तेवढ्यात छपाईच्या तीन चुका सापडल्या. तिला दाखवल्या. ती खिडकीबाहेर कपाशीकडे पाहत होती. यंदा पऱ्हाटी फार वाढली आहे.

रविवार, ३० जुलै

रोज रात्री जेवणानंतर तिची परीक्षा घेतो. आजचा प्रश्न: विषबाधा झालेला माणूस तुझ्या खासगी दवाखान्याच्या ओट्यावर आणून टाकला. तू काय करशील?

ती म्हणाली, "उपचार सुरू करीन."

"चूक. शून्य गुण."

तांबड्या ग्रंथातला परिच्छेद काढून तिच्यापुढे ठेवला. संशयित विषबाधेच्या केसमध्ये खासगी डॉक्टरने हात घालू नये; पोलिसांना कळवून सरकारी रुग्णालयात पाठवावे. पोलीस चिठ्ठी देतात, तिला आपण यादी म्हणतो. आधी यादी, मग दवाखाना. नाहीतर उद्या त्याच डॉक्टरवर बालंट येते आणि पेशंटचा कागदही कच्चा राहतो.

विमल भांडी आवरत होती. म्हणाली, "अन् तोवर तो मानूस ओट्यावर काय करन?"

प्रक्रियेचे महत्त्व घरातल्या माणसांना समजावणे सर्वांत अवघड.

मैत्रेयी म्हणाली, "नव्या पुस्तकात वेगळं आहे बहुतेक. अजून तिथवर गेले नाही." मी म्हटले, आधी पाया पक्का कर. तिने वही मिटली.

रविवार, ६ ऑगस्ट

उकंडा आला होता. फवारणीचे काम त्याला रोज मिळत आहे. बोंडअळीच्या भीतीने सगळेच मालक औषध मारत आहेत. औषधाची बाटली दाखवून म्हणाला, "भाऊजी, एवढं बारीक काय लिहिलं हो?" भिंगाखाली धरून सगळे वाचून दाखवले. हातमोजे, चष्मा, तोंडाला फडके, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

"चष्मा लावून बोंड दिसन का? अन् पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. वाऱ्याले कोन इचारते? आंगावरच पडते सारं. आंघोळ फुकटात!"

त्याच्यासोबत आलेली त्याची बायको मथुरा म्हणाली, "रात्री याचे डोये लाल राह्यतात, भाऊजी. घास खाल्ला नाही काल."

"तुह्या हातचा होता म्हणून." पुन्हा हसला. जाताना मैत्रेयीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "पोट्टे, लवकर शीक. गिऱ्हाईक तयार आहे."

बाटलीवरचा मजकूर मी त्याला मराठीत लिहून दिला. अक्षर मोठे काढले.

बुधवार, १६ ऑगस्ट

दुसऱ्या फेरीत नागपूर. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायचे. विहारात पेढे वाटले.

शनिवार, २६ ऑगस्ट

उकंडा आज पहाटे यवतमाळच्या दवाखान्यात वारला. क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणाला शंका राहणार नाही.

गुरुवारी मी तहसीलहून येऊन फाट्यावर उतरलो, तर डॉ. अतुलच्या दवाखान्यासमोर ऑटो उभा होता. आत उकंडा आडवा, डोके मथुराच्या मांडीवर. तोंडातून लाळेची धार, सदरा घामाने चिंब, मांड्यांचे स्नायू आपोआप उडत होते. मैत्रेयी त्याची नाडी धरून बसली होती. वावरातून निरोप आला तेव्हा ती मथुराकडेच होती. त्याने तीन दिवस सलग फवारले होते.

डॉ. अतुल बाहेर आला. टॉर्च डोळ्यांत मारून म्हणाला, "आत घ्या, लवकर. बाहुली टाचणीएवढी झाली. मी इंजेक्शन सुरू करतो, तोवर रुग्णवाहिका बोलावू."

मी म्हटले, "विषबाधेची केस आहे. खासगीत हात लावता येत नाही."

"येतो, काका."

"कोणत्या कलमाने?"

तो गोंधळला. म्हणाला, "कलम मला पाठ नाही. पेशंट समोर दिसून राह्यला ना." बोलता बोलता त्याने सुईही भरून घेतली होती. नातेवाइकांची संमती न घेता. हाही नियमभंगच.

मैत्रेयी म्हणाली, "बाबा, आधी सुई लावू द्या."

मी म्हटले, "तुझे कॉलेज अजून लागायचे आहे." मग मथुराला समजावले. इथे सुई लावली आणि वाईट झाले, तर पोलीस म्हणतील हा स्वतःच औषध प्याला. मागे शेजारच्या गावात तसेच झाले. फवारताना गेलेल्या माणसाच्या कागदावर 'विष पिऊन' असे पडले आणि त्याच्या बायकोला वर्षभर लोकांनी टोचून खाल्ले. मथुरा माझ्याकडे बघत राहिली. मग ऑटोवाल्याला म्हणाली, "भाऊजी म्हंतात तसं कर."

मारेगाव ठाण्यात हवालदार उत्तमसिंग होता. म्हणाला, "भाऊ, पयले दवाखान्यात न्या ना. मी तिथंच येऊन लिहितो." मागून लिहिलेले कागद कसे बिघडतात हे मला ठाऊक आहे. लिहून घ्यायला लावले. त्याने घाईत 'विषारी औषध घेतल्याने' असे लिहिले. तो कागद फाडायला लावला. स्वतः मजकूर सांगितला: 'फवारणी करीत असताना श्वासावाटे व त्वचेवाटे विषबाधा होऊन'. बाहेरून मैत्रेयीने हाक मारली, "बाबा, मामा बोलत नाही आता." मी म्हटले, झालेच, शिक्का राहिला आहे. ती पुन्हा हाक मारायला आली तेव्हा शिक्क्याची शाई वाळत होती.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी ऑटोतच सुई लावली. विचारले, "इतका वेळ कुठे होते?" मी यादी पुढे केली. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही. लगेच यवतमाळला पाठवले. तिथे दोन रात्री यंत्रावर होता.

प्रक्रियेत आपल्याकडून एकही त्रुटी राहिली नाही. औषधच जहाल होते.

मंगळवार, २९ ऑगस्ट

विमल बोलत नाही. भाऊ गेला, साहजिक आहे. मैत्रेयी दिवसभर मथुराकडे असते, रात्री आली की पातळ कागदाचे ते पुस्तक घेऊन बसते. परीक्षा बंद ठेवली आहे. काल विचारले, कोणते प्रकरण चालू आहे? म्हणाली, "तेच. ओट्यावरच्या माणसाचं."

शनिवार, २ सप्टेंबर

उकंडाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी यायला उशीर झाला म्हणून त्रिशरण पंचशील मीच घेतले. तलाठी आले होते. माझ्या टेबलाशी बसणारे एक वार्ताहर आले होते. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि म्हणाले, जिल्ह्यात इतका स्वच्छ कागद एकाही फवारणीच्या मृत्यूत नाही. सरकारने मदत जाहीर केली तर मथुराबाईंचे नाव कोणी खोडू शकणार नाही.

मारोतरावांनी ते माईकवर सांगितले. "समद्यायनं ध्यानात ठेवा. फवारणीचं काई झालं का पयले पुंडलिकभाऊकडं. आधी यादी, मग दवाखाना. उकंडा गेला, पन त्याच्या बायकोच्या माथी डाग नाही लागू देला या मानसानं." टाळ्यांचा प्रसंग नव्हता, पण साऱ्या माना हलल्या. मथुरा पुढे आली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिला उठवले.

मैत्रेयी मधूनच उठून बाहेर गेली. उन्हात उभी होती. जवळ गेलो तर म्हणाली, "मामीले पाया कायले पडू देल्या, बाबा?" घरात ती माझ्याशी शुद्ध बोलते. आज बोलली नाही. दुःखात भाषा सुटते.

सोमवार, ४ सप्टेंबर

मैत्रेयी गेली. एसटी वेळेवर निघाली.

पेटीतली चारही पुस्तके मी तिच्या बॅगेत नीट रचून दिली होती. सकाळी पाहतो तर ती पुन्हा फळीवर. म्हणाली, ओझे होते. खरे आहे, तांबडा ग्रंथ एकटाच विटेएवढा आहे. वसतिगृहात कपाट मिळाले की कळव, मी आणून देईन, असे सांगितले. ती "बघू" म्हणाली. जयभीम केला आणि चढली. खिडकीतून विमलशी बोलत राहिली. माझ्याकडे बघून एकदाच म्हणाली, "डॉ. अतुलशी एकदा बोला, बाबा." काय बोलायचे ते सांगितले नाही. नोंदणी क्रमांक त्याने लावला आहे, हे मी आधीच पाहिले होते.

घरी येऊन पाहतो तर पातळ कागदाचे पुस्तक माझ्या टेबलावर विसरलेले. एक पान कोपऱ्यात चांगले दाबून दुमडले आहे. स्वतःच्या बक्षिसाचे पुस्तक, आणि हे हाल. पुस्तकाचे पान दुमडू नये हे मी तिला बालवाडीत शिकवले होते.

रविवार, १० सप्टेंबर

मैत्रेयीचा फोन विमलला आला. माझ्याबद्दल विचारले म्हणे. पुस्तक विसरलीस असे कळवायला सांगितले. विमल म्हणाली, "विसरली नाही ती." आणि आत गेली.

रविवार, २४ सप्टेंबर

गावातल्या जमनीबुढीचा नातू उद्या नागपूरला जातो आहे. त्याच्याबरोबर पुस्तक पाठवावे म्हणून काढले. दुमडलेले पान सरळ करून वर वजन ठेवावे म्हणून उघडले.

दोनदा वाचले. मग शब्दकोश घेऊन तिसऱ्यांदा वाचले, कारण इंग्रजीत आपली चूक होऊ शकते. चूक नव्हती. सर्वोच्च न्यायालय, १९८९. डॉक्टर सरकारी असो की खासगी, समोर आलेल्या माणसाचा जीव वाचवणे हे त्याचे पहिले काम. पोलिसांचे कागद नंतर. कायद्याची कोणतीही प्रक्रिया उपचाराच्या आड येऊ शकत नाही.

१९८९. तांबडा ग्रंथ १९७८ चा.

तेव्हा ग्रंथात जे होते ते त्या काळी चालत होते. आपण वाचले ते बरोबर वाचले. निकाल आला तेव्हा बापूजी हयात होते. त्यांनी समासात नोंद करायला हवी होती. प्रकाशकाने... पण प्रकाशक काय करणार? छापलेले पुस्तक परत बोलावता येत नाही.

तांबड्या ग्रंथात त्या परिच्छेदावर शुद्धिपत्र चिकटवले. तांबड्या शाईने, सुवाच्य.

जमनीबुढीच्या नातवाला सांगितले, सामान नाही.

बुधवार, २७ सप्टेंबर

मथुराकडे गेलो. तिची लहानगी दीपमाला अंगणात खेळत होती. मथुराने चहा केला. म्हणाली, "तलाठ्यानं पुन्हा सही नेली, भाऊजी. तुमच्यामुळं कागद पक्का आहे म्हंतात." बोलायचे म्हणून गेलो होतो. चहा चांगला होता असे सांगून परत आलो.

संध्याकाळी वाचन केले. दोन ठिकाणी अक्षर गाळले गेले. कोणाच्या लक्षात आले नाही.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

दुपारी टेबलापुढे ऑटो थांबला. मारोतरावांचा मुलगा कपिल उडी मारून उतरला. "काका, लवकर अर्ज लिहा, बाबानं फवारलं, उलट्या सुरू आहेत. यादी पायजे." मागे मारोतराव. तीच लाळ, तेच स्नायू उडणे.

मी म्हटले, "फाट्यावर डॉक्टर होता ना?"

"होता. आडवा आला होता ऑटोले. 'थांबा थांबा' करून राह्यला होता. आम्ही म्हटलं, पुंडलिककाकाचं सांगनं आहे, आधी यादी." मग अभिमानाने म्हणाला, "पुऱ्या गावाले पाठ आहे, काका. परवा जमनीआजीच्या घरी बी तसंच केलं."

मी टेबल उघडे टाकून ऑटोत चढलो.

कपिल म्हणाला, "काका, ठाणं तिकडं आहे. यादी?"

"मरू दे यादी."

ऑटोवाल्याने मागे वळून पाहिले. मी हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोललो. ग्रामीण रुग्णालय तहसीलपासून जवळ आहे. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला ओळखले. मी माझे दोन्ही हात रिकामे असल्याचे त्यांना दाखवले; का दाखवले, माहीत नाही.

मारोतराव जिवंत आहेत. फाट्यावरच सुई लागली असती तर इतके बिघडले नसते, असे बाई म्हणाल्या. नजरेचे काय होईल ते आठवड्याने कळेल.

टेबलावरचे कागद वाऱ्याने आवारभर झाले होते. गोळा केले नाहीत.

जमनीबुढीच्या घरी कोणाला लागले होते, हे विचारून आलो. सुनेला. ती वाचली. ठाण्यात कोणी नव्हते म्हणून कंटाळून त्यांनी आधी दवाखाना केला.

गुरुवार, ५ ऑक्टोबर. आश्विन पौर्णिमा

वर्षावास समाप्ती. हा पवारणेचा दिवस. भिक्खू तीन महिने एकत्र राहतात आणि निघताना एकमेकांना म्हणतात, माझ्यात दोष दिसला असेल, ऐकला असेल, तर सांगा. दरवर्षी हा उतारा मी फार छान वाचतो.

आज ग्रंथ मिटून बाजूला ठेवला आणि मैत्रेयीचे पुस्तक घेतले. ते पान मराठी करून वाचले. फवारणीचे विष लागले की जो दवाखाना आधी दिसेल त्यात शिरायचे. खासगी असो, सरकारी असो. यादी नंतर. वाचून थांबलो. लोकांनी माना हलवल्या. पुस्तकात आहे म्हणजे खरे. तेवढ्यावर बसलो असतो तरी चालले असते. सरकारचा नवा नियम आला असे सगळ्यांनी धरले होते.

मागून जमनीबुढी बोलली. "मंग उकंडाच्या वक्ती काय झालं होतं रे, पुंडलिक?"

तिला ऐकू कमी येते. इतर वेळी कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. आज साऱ्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

मी म्हटले, "माझे पुस्तक जुने होते."

"पुस्तकानं अडवलं का तू अडवलं?"

तयारी केलेली वाक्ये आलीच नाहीत. शुद्ध तर एकही नाही. "मी अडवलं, बुढे. डॉक्टरनं सुई भरली होती. म्याच नाही लावू देली."

माईक चालू होता. बाहेर रस्त्यावर ऐकू गेले असेल.

मथुरा पहिल्या रांगेत होती. रडली नाही. बसल्या जागेवरून, हळू बोलली, पण मला सगळे ऐकू आले. "सुई मले बी दिसत होती, भाऊजी. मले वाटलं, लावून घ्यावं. मंग तुमच्या तोंडाकडं पाह्यलं. म्हटलं, हे तं शिकलेले आहेत."

मग कोणीतरी वंदना सुरू केली.

नंतर खीर वाटली. वाढायला मथुराच होती. वाढण्याची तिची पाळी महिन्याआधीच ठरलेली होती. रांगेने वाढत माझ्यापुढे आली आणि थांबली. पळी भरलेली होती. मी द्रोण पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. ती तीच भरलेली पळी घेऊन पुढच्याला वाढायला गेली.

रविवार, ८ ऑक्टोबर

तांबडा ग्रंथ फळीवरून काढला. जाळावा असे आले मनात. पुस्तक जाळणे जमले नाही. पेटीत तळाशी ठेवला.

काल फाट्यावर गेलो होतो. डॉ. अतुल पेशंट तपासत होता. बाकावर बसून राहिलो. शेवटी त्याने विचारले, काय होते काका? मी म्हटले, काही होत नाही. मग झाले ते सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. "मला कलम पाठ पाहिजे होतं, काका," तो म्हणाला.

रात्री मैत्रेयीचा फोन आला. या वेळी माझ्याशी. विहारातले तिला कळले होते. कोणी सांगितले ते मी विचारले नाही. मग ती म्हणाली, "बाबा, ते पुस्तक आता पाठवून द्या. लागेल मला."

"तू दुसरं घे," मी म्हटले.

"काहून?"

"हे मले लागते. टेबलावर ठेवलं आहे, तहसीलात." मग आठवले म्हणून सांगितले, "अन् नवी आवृत्ती निघाली का मले सांगत जाजो."